सायकलस्वाराची खरी कसोटी उतारावर

रोजच्या प्रवासासाठी ब्रेक, दिवे आणि सवयींचा विचार

रत्नागिरी, प्रतिनिधी : रत्नागिरीत रोजच्या कामासाठी सायकल वापरण्याचा विषय निघाला, की पहिली तक्रार चढाची असते. ती निराधारही नाही. मारुती मंदिराचा परिसर उंच सड्यावर, तर बाजारपेठ, मांडवी आणि मिरकरवाडा खाली समुद्राकाठी. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या दिशेने निघाले, तर पुन्हा सडा चढावाच लागतो. आरे-वारे मार्गाने गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्यालाही चढ-उतारांतून सुटका नाही. मात्र चढ केवळ दमवतो. दम लागल्यास खाली उतरून सायकल हाती धरता येते. उतारावर ब्रेक लागला नाही, तर अशी सवलत मिळत नाही. त्यामुळे शाळा, नोकरी किंवा बाजारहाटासाठी सायकल वापरणाऱ्याने गिअरच्या संख्येआधी दोन गोष्टी पाहाव्यात : सायकल वेळेवर थांबते का आणि ती इतरांना दिसते का.

वेगाचे साधे गणित

ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे चार मीटर अंतर कापते. समोर अडथळा दिसल्यापासून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असे धरले, तर तेवढ्यात सहा मीटर रस्ता मागे पडतो. उतारावर हाच वेग ताशी ३० किलोमीटरवर सहज पोहोचतो. मग ब्रेक लागण्यापूर्वीच साडेबारा मीटर अंतर संपलेले असते. शिवाय वेग दुप्पट झाला, की सायकल थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. पायडल न मारता मिळालेला वेग फुकटचा वाटतो. त्याची किंमत थांबताना मोजावी लागते.

पावसात हे अंतर आणखी वाढते. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. रिम ओली असली, की ब्रेकचे रबर आधी तिच्यावरील पाणी पुसते आणि मगच पकड घेते. जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलींच्या लोखंडी, चकचकीत मुलामा दिलेल्या रिमवर ही अडचण सर्वाधिक जाणवते. ॲल्युमिनियमची रिम ओली असतानाही तुलनेने चांगली पकड देते. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याशी असल्याने रस्त्यावरील पाणी-चिखलाचा त्याला कमी त्रास होतो; मात्र त्याच्या तबकडीवर तेलाचा थेंबही पडू देता कामा नये. कोणताही ब्रेक असला, तरी उतार सुरू होण्यापूर्वी तो एक-दोनदा हलकेच दाबून पाहावा. पाणी पुसले जाते आणि ब्रेक जिवंत आहे की नाही, हेही वेळीच कळते.

दोन्ही ब्रेक, दोन्ही हात

पुढचा ब्रेक दाबला तर माणूस तोंडावर पडतो, या भीतीने अनेक जण केवळ मागचा ब्रेक वापरतात. वास्तविक थांबताना शरीराचा भार पुढे सरकतो, पुढच्या चाकाची पकड वाढते आणि थांबवण्याचे मोठे काम तेच चाक करते. केवळ मागचा ब्रेक करकचून आवळला, तर चाक अडकून घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, पण हळूहळू वाढत्या दाबाने लावणे आणि त्याच वेळी शरीर थोडे मागे झुकवणे ही योग्य रीत. वळणावर ब्रेक लावू नये; वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करावा.

एका हातात छत्री धरून सायकल चालवण्याची सवय याच कारणाने घातक ठरते. एक ब्रेक हातातून जातो, वाऱ्याने छत्री ओढली गेली की तोल जातो आणि समोरचे दृश्यही झाकले जाते. पावसाळ्यात भाट्याच्या पुलावर किंवा समुद्रालगतच्या उघड्या रस्त्यावर वाऱ्याचा झोत अचानक येतो. अंगाबरोबर बसणारा, कमरेपर्यंतचा फिकट किंवा भडक रंगाचा रेनकोट अधिक सुरक्षित. घोळदार रेनकोट, ओढणी, पदर आणि पँटचा पायचा चेन व चाकापासून दूर बांधून ठेवावा. बाजाराच्या पिशव्या हँडलला टांगल्यास हँडल जड होऊन वळवणे अवघड जाते. ओझे मागच्या कॅरियरवर घट्ट बांधावे.

दिसेल तो वाचेल

पावसाळी संध्याकाळी भरदिवसाही अंधारून येते. अशा वेळी मोटारचालकाला सायकल उशिरा दिसते. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा ही किमान गरज आहे. पुढचा दिवा डोळे दिपवेल असा वर रोखलेला नसावा. त्याचा झोत काही मीटर पुढच्या रस्त्यावर पडावा. मागे लाल परावर्तक आणि पायडलला पिवळे परावर्तक असावेत. पायडलवरील परावर्तक सतत वर-खाली होत असल्याने मागून येणाऱ्या चालकाला समोर सायकल आहे, हे चटकन उमगते. केंद्र सरकारनेही सायकलींवरील परावर्तकांच्या गुणवत्तेसाठी २०२० मध्ये स्वतंत्र आदेश काढला. चिखलाने माखलेला परावर्तक मात्र निरुपयोगी असतो; तो पुसणे स्वाराच्याच हाती आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मधील हेल्मेटची सक्ती मोटारसायकलसाठी आहे, सायकलला ती लागू नाही. तरीही डोके दोघांचे सारखेच नाजूक. सायकलचे हेल्मेट हलके व हवेशीर असते. ते कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर सरळ बसावे. कानामागे सरकवलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते. हनुवटीखालचा पट्टा एक-दोन बोटे शिरतील एवढाच सैल असावा. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले, तरी बदलावे. त्याच्या आतील फोम एकदा दबला, की पुढच्या आघातात उपयोगी पडत नाही.

रस्त्यावरील जागा

डाव्या बाजूने जावे, पण अगदी कडेला चिकटून नव्हे. रस्त्याची कड आणि साइडपट्टी यांच्यातील पायरी, सावलीत धरलेले शेवाळ, वाहून आलेली तांबडी माती आणि उघडी गटारे हे सारे कडेलाच असते. कडेपासून थोडे आत, सरळ रेषेत चालवल्यास मागच्या चालकालाही स्वाराच्या हालचालीचा अंदाज येतो. उभ्या मोटारींपासून एक मीटर अंतर राखावे. दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे, हे वरून कळत नाही. मागे पाहून, हात दाखवून तो टाळावा. उजव्या हँडलला बसवलेला छोटा आरसा येथे उपयोगी पडतो. पावसाळ्याच्या रात्री मोकाट गुरे डांबरावर बसलेली असतात, हेही ध्यानात ठेवावे.

मुंबई-गोवा महामार्गावर, विशेषतः हातखंबा परिसरातील उतारांवर, अवजड वाहनांची वर्दळ असते. ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये. केबिनमधून ती जागा चालकाला दिसत नाही आणि ट्रक वळला तर सुटकेला वाट राहत नाही.

खारी हवा, तांबडी माती

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत चेन आणि ब्रेकच्या तारा लवकर गंजतात. जांभ्याची बारीक माती ब्रेकच्या रबरात रुतली, की रिम घासली जाते. पुळणीवरून किंवा चिखलातून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवावी, पुसून कोरडी करावी आणि मगच चेनला तेल द्यावे. जादा तेल फडक्याने टिपून घ्यावे, अन्यथा त्यावर माती बसते. धुताना पाण्याचा जोरदार फवारा छर्ऱ्यांच्या जागी मारू नये. आत पाणी शिरून गंज धरतो.

आठवड्याची तपासणी

- हवा : टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत. कमी हवेने ट्यूब खड्ड्यात चिमटली जाते. पावसात कमाल मर्यादा गाठू नये.
- ब्रेक : रबरावरील खाचा दिसेनाशा झाल्यास रबर बदलावे. दांडा हँडलला टेकत असेल, तर तार ताणून घ्यावी.
- दिवे, घंटी : घरून निघण्यापूर्वी लावून व वाजवून पाहाव्यात.
- सीट : टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. सीट फार खाली असल्यास चढावर गुडघे दुखतात.
- सोबत : जादा ट्यूब, छोटा पंप आणि पाना. पंक्चरचे दुकान चढाच्या मध्यावर नसते.