जागतिक इतिहास आणि वर्तमान भूराजकारणाचे आकलन : सुएझ कालव्याच्या संदर्भात

प्रस्तावना

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हुथी संघटनेने तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज ताब्यात घेतले. त्यानंतर जहाजांवर क्षेपणास्त्रांचे व ड्रोनचे हल्ले सुरू झाले आणि काही आठवड्यांतच अनेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालण्यास सुरुवात केली. वास्को द गामा १४९८ मध्ये ज्या केप ऑफ गुड होपच्या मार्गाने कालिकतला पोहोचला, त्याच मार्गाचा आधार एकविसाव्या शतकातील व्यापाराला घ्यावा लागला.

अशा घटना घडल्या की ‘इतिहासाची पुनरावृत्ती होते’ हे विधान सर्रास केले जाते. वर्गात आणि वृत्तपत्रांत ते इतके रुळले आहे की त्याची तपासणी क्वचितच होते. वस्तुतः इतिहासाचा दाखला देणे आणि इतिहासाच्या आधारे वर्तमानाचे आकलन करून घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली क्रिया दोन घटनांतील साम्यावर थांबते; दुसरी कारणपरंपरा, हितसंबंध आणि बदललेली परिस्थिती यांचा शोध घेते. या दोहोंतील अंतर किती महागात पडू शकते, हे सुएझ कालव्याच्या सुमारे १७० वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील निवडक टप्प्यांचे विवेचन केले आहे.

कालव्याची निर्मिती : श्रम, कर्ज आणि सत्ता

इजिप्तचा शासक सैद पाशा याने १८५४ मध्ये फर्डिनांड द लेसेप्स या फ्रेंच मुत्सद्द्याला कालव्याची सनद दिली. १८५९ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा वाहतुकीस खुला झाला. कंपनीचा हक्क त्या दिवसापासून ९९ वर्षांचा होता. प्रारंभीचे खोदकाम मुख्यतः इजिप्शियन शेतकऱ्यांच्या वेठबिगारीवर चालले. वेठीची पद्धत बंद करण्याचा आणि कंपनीला दिलेली जमीन परत घेण्याचा प्रश्न उद्भवला, तेव्हा १८६४ मध्ये फ्रेंच सम्राट तिसरा नेपोलियन लवाद झाला आणि इजिप्तनेच कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक भरपाई द्यावी, असा निवाडा त्याने दिला.

याच काळात इजिप्त आणि मुंबई यांचे भवितव्य एका दूरच्या घटनेने बांधले गेले होते. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि इजिप्तच्या व पश्चिम भारताच्या कापसाला अपूर्व भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईत १८६५ च्या शेअर बाजारातील पडझडीने अनेक पेढ्या बुडाल्या. इजिप्तमध्ये १८६३ पासून सत्तेवर असलेल्या इस्माईलच्या रेल्वे, कालवे व नगररचनेच्या योजना मात्र युरोपीय कर्जावर चालूच राहिल्या. अखेर १८७५ मध्ये त्याने कालवा कंपनीतील इजिप्तचे सुमारे ४४ टक्के भाग सुमारे ४० लाख पौंडांस डिझरायलीच्या ब्रिटिश सरकारला विकले. तरीही १८७६ मध्ये इजिप्तचे दिवाळे निघाले आणि धनको राष्ट्रांच्या प्रतिनिधींचे ऋण मंडळ कैरोत स्थापन झाले.

परकीय वित्तीय नियंत्रणाविरुद्ध कर्नल अहमद उराबी याच्या नेतृत्वाखाली सैनिक, ग्रामीण प्रतिष्ठित आणि सुशिक्षित वर्ग एकत्र आले. ब्रिटनने १८८२ मध्ये अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, तेल-अल-कबीर येथे उराबीचा पराभव केला आणि देश ताब्यात घेतला. या मोहिमेत भारतीय सैन्याच्या तुकड्याही होत्या. १८८८ च्या कॉन्स्टँटिनोपल कराराने कालवा युद्धकाळात व शांतताकाळात सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुला राहील असे ठरले. परंतु त्याच्या काठावर ब्रिटिश सैन्य होते. मार्ग सर्वांचा, पहारा एकाचा, असा हा अंतर्विरोध पुढील सात दशके टिकला.

मुंबईच्या दृष्टीने कालव्याचा परिणाम निराळा होता. लंडन-मुंबई हे सागरी अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना (१८७३), ससून डॉक (१८७५) आणि प्रिन्सेस डॉक (१८८०) ही कालव्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांतील घटनाक्रमणा आहे. तांबड्या समुद्राच्या मुखाजवळचे एडन तर १८३९ मध्ये ब्रिटिशांनी जिंकल्यापासून १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते. ज्या कालव्याने इजिप्तवर पारतंत्र्य लादण्यास हातभार लावला, त्याच कालव्याने मुंबईच्या व्यापारी वर्गाला बळ दिले. एकाच घटनेचा सामाजिक परिणाम स्थळपरत्वे कसा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९५६ : चुकीच्या दाखल्याची किंमत

जुलै १९५६ मध्ये अमेरिकेने आस्वान धरणाच्या अर्थसाहाय्याचा प्रस्ताव मागे घेतला. २६ जुलै रोजी अध्यक्ष गमाल अब्देल नासेर यांनी कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. भागधारकांना मोबदला देण्याचे आश्वासन त्यांनी दिले होते, आणि कंपनीची सनद तशीही १९६८ मध्ये संपणार होती.

ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी या घटनेकडे १९३० च्या दशकाच्या चष्म्यातून पाहिले. हुकूमशहांच्या अनुनयाच्या प्रश्नावर १९३८ मध्ये परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिलेल्या ईडन यांना नासेरमध्ये नवा मुसोलिनी दिसला. फ्रान्सचे पंतप्रधान गी मोले यांनी नासेर यांच्या पुस्तिकेची तुलना हिटलरच्या आत्मचरित्राशी केली. ‘म्युनिकची चूक पुन्हा नको’ हा या दोघांचा निष्कर्ष होता. ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील सेव्र येथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्यात गुप्त समझोता झाला. २९ ऑक्टोबरला इस्रायलने सिनाईवर हल्ला केला आणि पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्सने हस्तक्षेप केला.

परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. इजिप्तने कालव्यात जहाजे बुडवून वाहतूक बंद पाडली. अमेरिकेने पाठिंबा नाकारला आणि पौंडावर आलेल्या संकटात ब्रिटनला मदतीपासून वंचित ठेवले. डिसेंबर १९५६ मध्ये ब्रिटिश व फ्रेंच सैन्य माघारी गेले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत भारतीय तुकडीही सामील झाली. जानेवारी १९५७ मध्ये ईडन यांनी राजीनामा दिला.

येथे इतिहासाचे अज्ञान हे अपयशाचे कारण नव्हते. दोन्ही नेते इतिहास जाणणारे होते. परंतु त्यांनी चुकीचा इतिहास निवडला. युरोपातील १९३८ ऐवजी इजिप्तमधील १८६४, १८७५ आणि १८८२ ही वर्षे त्यांनी डोळ्यांपुढे ठेवली असती, तर नासेर यांच्या घोषणेमागील लोकभावना त्यांना अधिक नेमकेपणाने उमगली असती. स्वतःच्या समाजाच्या स्मृतीतून दुसऱ्या समाजाचे वर्तन जोखणे हा ऐतिहासिक तुलनेतील सर्वांत घातक दोष आहे.

बंद कालवा आणि येमेनची पार्श्वभूमी

जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात कालवा बंद झाला, तो थेट ५ जून १९७५ रोजी खुला झाला. या आठ वर्षांत तेलवाहतूक केपच्या मार्गाने होऊ लागली आणि महाकाय तेलवाहू जहाजांच्या बांधणीला चालना मिळाली. जागतिक व्यापाराने पर्याय शोधला; झळ बसली ती कालव्यावर उपजीविका असलेल्यांना. कालव्याकाठच्या इजिप्शियन शहरांतील लाखो रहिवाशांना स्थलांतर करावे लागले. जहाजांची वर्दळ आटल्याने आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटिशांनी तळ सोडल्याने एडनचे वैभवही ओसरले.

उत्तर येमेनचा इतिहास याहून वेगळा होता. तेथे १९६२ पर्यंत झैदी इमामांची राजवट होती. ती उलथल्यानंतरच्या यादवीत एका बाजूने इजिप्तचे सैन्य आणि दुसऱ्या बाजूने सौदी अरेबियाची मदत उतरली. परंतु बाह्य शक्तीला हवा तसा निकाल लागला नाही. १९९० मध्ये दोन्ही येमेन एक झाले. उत्तरेकडील सादा प्रांतातील झैदी समाजाच्या उपेक्षेच्या भावनेतून उभ्या राहिलेल्या हुथी चळवळीने २०१४ मध्ये साना ही राजधानी घेतली. २०१५ मध्ये सौदी नेतृत्वाखालील लष्करी हस्तक्षेपही तिला तेथून हटवू शकला नाही. हुथींना केवळ इराणचे हस्तक मानणाऱ्या विश्लेषणात हा स्थानिक इतिहास निसटतो.

वर्तमान : सातत्य आणि बदल

२०२३ नंतरच्या संकटात काही गोष्टी जुन्याच आहेत. भूगोल तोच आहे : सुएझ आणि बाब-एल-मांदेब या दोन अरुंद वाटांवर आशिया-युरोप व्यापार अवलंबून आहे. किंमत मोजणाराही बराचसा तोच आहे. इजिप्तचे कालव्यापासूनचे उत्पन्न २०२३ मधील सुमारे १० अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरवर आले. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने इजिप्तसाठीचा कर्ज कार्यक्रम वाढवून ८ अब्ज डॉलर केला.

तथापि फरकही तितकेच महत्त्वाचे आहेत. १९५६ आणि १९६७ मध्ये कालवा राष्ट्रांच्या युद्धामुळे बंद पडला. २०२३ मध्ये तो खुला असूनही जहाजे फिरकेनाशी झाली. सागरी वाहतूक रोखण्यासाठी आरमार लागते हा समज एका बिगर-शासकीय संघटनेने स्वस्त ड्रोनच्या बळावर खोटा ठरवला. विम्याचे वाढते दर नाकेबंदीइतकेच परिणामकारक ठरले. इजिप्तच्या कर्जाची १८७६ शी तुलना मोहक असली, तरी आजचा कालवा इजिप्तच्या मालकीचा आहे. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या विस्तारासाठीचा निधी केवळ इजिप्शियन नागरिकांना रोखे विकून उभारण्यात आला होता, हे भागविक्रीचा इतिहास असलेल्या देशात अर्थपूर्ण ठरते.

सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीतील जी-२० परिषदेच्या वेळी जाहीर झालेली भारत-मध्यपूर्व-युरोप आर्थिक मार्गिका हीदेखील याच दृष्टीने पाहता येते. कालव्यापूर्वीही मुंबईचे टपाल व प्रवासी सुएझला उतरून जमिनीवरून अलेक्झांड्रियाला जात असत. जलमार्गाला खुष्कीची जोड देण्याची कल्पना नवी नाही. ज्या समाजांच्या भूमीवरून मार्ग जाईल त्यांचा वाटा काय, हा प्रश्नही नवा नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनातून वर्गाध्यापनास उपयुक्त असे चार प्रश्न हाती लागतात :

१) दिलेला ऐतिहासिक दाखला कोणाच्या स्मृतीतून आलेला आहे?
२) दोन घटनांत साम्य कोणते आणि भेद कोणता? भेदांची यादी साम्यांइतकीच काळजीपूर्वक केली आहे काय?
३) घटनेचा लाभ कोणाला झाला आणि भार कोणी वाहिला?
४) तंत्रज्ञान, मालकी आणि कायदा यांपैकी काय बदलले आहे?

कोणत्याही समकालीन संघर्षाच्या चर्चेपूर्वी विद्यार्थ्यांनी या प्रश्नांची उत्तरे लिहून काढली, तर इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल या विषयांतील भिंती आपोआप विरळ होतात.

समारोप

सुएझचा इतिहास भविष्य सांगत नाही. १८६९ मध्ये वेठबिगारीच्या आठवणी ताज्या असताना झालेला उद्घाटनाचा सोहळा, १९५६ मधील राष्ट्रीयीकरणाचा जल्लोष आणि २०२३ नंतरचा जहाजांचा शुकशुकाट हे एकाच नाटकाचे पुनःप्रयोग नव्हेत. प्रत्येक टप्प्यावर मागील टप्प्याचे ऋण आणि स्मृती मात्र कार्यरत राहिल्या. त्या ओळखण्याची सवय हीच जागतिक इतिहासाच्या अभ्यासाची खरी उपयुक्तता आहे. ईडन यांच्याजवळ दाखला होता, ही सवय नव्हती. आणि त्याची किंमत पोर्ट सैदच्या नागरिकांनी व दोन्हीकडच्या सैनिकांनी मोजली. आजच्या पदवी वर्गात बसलेले विद्यार्थी उद्या मतदार, पत्रकार आणि प्रशासक होणार आहेत. त्यांच्यासमोर ठेवला जाणारा प्रत्येक ऐतिहासिक दाखला म्हणूनच पारखून घेणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.