बंगळुरूचा सिल्व्हर ओक

सिल्व्हर ओक हा पूर्व ऑस्ट्रेलियातल्या नदीकाठच्या वर्षावनांतला वृक्ष. शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा. बंगळुरूच्या रस्त्यांवर, जुन्या बंगल्यांच्या आवारांत आणि कोडगू-चिक्कमगळुरूच्या कॉफीमळ्यांत तो आज इतका रुळला आहे की तो परदेशी असल्याचे कुणाला जाणवतही नाही.

अॅलन कनिंगहॅम हे लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी ऑस्ट्रेलियात वनस्पती गोळा करत. त्यांनी या वृक्षाला दिलेले नाव रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३० मध्ये प्रसिद्ध केले. टास्मानिया आणि व्हिक्टोरियाच्या थंड वर्षावनांतला सदाहरित दक्षिणी बीच, नोथोफॅगस कनिंगहॅमी, याच कनिंगहॅम यांच्या नावाने ओळखला जातो.

१७६० मध्ये हैदर अलीने बंगळुरूत सुरू केलेली आणि टिपूने वाढवलेली लालबाग १८५६ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान झाली. १८५८ मध्ये विल्यम न्यू आणि १८७४ मध्ये जॉन कॅमेरॉन हे उद्यानतज्ज्ञ क्यूहून येथे आले. पुढच्या काही दशकांत दूरदेशीच्या बिया आणि रोपे लालबागेत लावून पाहिली गेली. अरौकॅरिया, सिल्व्हर ओक हे दक्षिण गोलार्धातले वृक्ष असे बंगळुरूत स्थिरावले.

दक्षिणी बीचला मात्र ही हवा मानवणारी नाही. त्याची पाने नखाएवढी, दातेरी, चकचकीत. नवी पालवी तांबूस. त्याला गारवा हवा आणि उन्हाळ्यातही पावसाची ओल हवी. बंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर असले तरी जानेवारी-फेब्रुवारीत तेथे पाऊस नावालाच पडतो. सिल्व्हर ओक हे कोरडे महिने सहज काढतो. फुलोऱ्याआधी तो बरीच पाने गाळतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी नारिंगी फुलांनी भरून जातो. ही फुले दात घासायच्या ब्रशाप्रमाणे दांड्याच्या एकाच बाजूला येतात. त्यांत मध इतका असतो की मधमाश्या आणि शिंजिर दिवसभर झाड सोडत नाहीत. पान खोल कातरलेले, वरून गर्द हिरवे, खालून रुपेरी.

भारत हाही ऑस्ट्रेलियाप्रमाणे गोंडवना या प्राचीन महाखंडाचाच तुकडा. लालबागेतला सुमारे ३०० कोटी वर्षांचा खडक त्या भूखंडाचाच भाग होता. तरीही दक्षिणी बीचचा वंश निसर्गतः भारतात नाही, कारण भारत अंटार्क्टिकापासून सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि या वंशाचे सर्वांत जुने ज्ञात परागकण सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तो पुढे अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेत फोफावला, तोवर भारत दूर गेला होता.

सिल्व्हर ओकचा खरा विस्तार झाला तो कॉफीमळ्यांत. तो झपाट्याने सरळ वाढतो, विरळ सावली देतो आणि त्याच्या खोडावर मिरीचे वेल चढवता येतात. प्लायवूड आणि खोक्यांसाठी त्याच्या लाकडाला मागणी आहे. परका वृक्ष असल्याने कर्नाटकात तो तोडण्यासाठी देशी झाडांइतकी परवान्यांची अडचण येत नाही. त्यामुळे मळेवाल्यांनी शिसवी, उंबर, फणस, जांभूळ यांच्या जागी तो लावला. हिशेब मळेवाल्याच्या बाजूने बरोबर होता, पण किंमत जंगलाने मोजली. जुन्या मळ्यांतली बहुमजली सावली विरळ झाली आणि फळांवर जगणाऱ्या धनेशासारख्या पक्ष्यांचे खाद्य कमी झाले. सिल्व्हर ओकला येते ती कोरडी शेंग आणि वाऱ्यावर उडणारे चपटे, पंखधारी बी. त्यात त्यांच्या पोटासाठी काहीच नाही.