अपडेटनंतर डेस्कटॉप बिघडला: दोष कोणत्या थरात आहे ते कसे शोधावे

प्रकल्प-अहवाल जमा करायच्या आठवड्यात लॅबमध्ये हमखास ऐकू येणारा प्रश्न असा: "सर, अपडेट केलं आणि डेस्कटॉप बिघडला. फॉरमॅट मारू का?" बहुतेक वेळा उत्तर 'नको' असे असते. फॉरमॅट केल्याने तुमच्या फायली जाण्याची भीती आहेच. शिवाय बिघाडाचा पुरावाही पुसला जातो, आणि तीच सेटिंग परत आणली की तोच दोष पुन्हा येतो.

या टिपणात उदाहरण म्हणून उबंटू घेतले आहे. तिरुवैयारु परिसरातल्या विद्यार्थ्यांकडे बऱ्याचदा एकच यंत्र असते, आणि कधी कधी तेही मोठ्या भावंडाकडून आलेले. तमिळनाडू सरकारने २०११ साली सुरू केलेल्या मोफत लॅपटॉप योजनेतल्या यंत्रांवर विंडोजच्या जोडीला सी-डॅकचे बॉस लिनक्सही दिलेले असे. बॉस आणि उबंटू या दोन्हींचा पाया डेबियन असल्यामुळे पुढची पद्धत दोन्हीकडे चालते.

पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप अनेक थरांचा असतो. तळाशी कर्नेल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर, त्यावर चित्र पडद्यापर्यंत नेणारी व्यवस्था (जुनी एक्स किंवा नवी वेलँड), त्यावर गनोमसारखे शेल, आणि सर्वांत वर तुमच्या स्वतःच्या सेटिंग्ज. अपडेट खालचे तीन थर बदलते. तुमच्या होम फोल्डरला ते सहसा हात लावत नाही. म्हणजे जुन्या सेटिंग्ज नव्या प्रोग्रामपुढे जाऊन उभ्या राहतात, आणि पुष्कळ तक्रारी नेमक्या या सांध्यावर निर्माण होतात.

म्हणून पहिली चाचणी: नवा वापरकर्ता तयार करा आणि त्या खात्यातून लॉगिन करा. डेस्कटॉप उघडतच नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुरी पडद्यावर जा आणि तिथून खाते तयार करा. नव्या खात्यात सगळे ठीक दिसले, तर यंत्रणा धड आहे आणि दोष तुमच्या सेटिंग्जमध्ये आहे. दोन मिनिटांच्या या चाचणीने निम्मी शक्यता बाद होते. तरी ती कुणी करत नाही, याचे मला दरवर्षी आश्चर्य वाटते.

याचे चांगले उदाहरण गनोमच्या एक्स्टेन्शनचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या गनोम ४५ ने एक्स्टेन्शन लोड करण्याची पद्धतच बदलली. जावास्क्रिप्टच्या जुन्या आयात-पद्धतीऐवजी प्रमाणित मॉड्यूल आले, आणि ४४ साठी लिहिलेले एक्स्टेन्शन ४५ वर चालेनासे झाले. उबंटू २२.०४ मध्ये गनोम ४२ होते, २४.०४ मध्ये ४६ आहे. त्यामुळे एका दीर्घ-मुदतीच्या आवृत्तीवरून दुसरीवर जाणारा प्रत्येक जण हा उंबरठा एकाच उडीत ओलांडतो. हौसेने बसवलेला डॉक किंवा वरच्या पट्टीतली चिन्हे गायब होतात ती यामुळे. आवृत्ती-तपासणी बंद करण्याचा सल्ला कुणीतरी देतो, पण त्याचा इथे उपयोग नाही, कारण अडचण आकड्याची नसून कोडच्या रचनेची आहे. सगळी एक्स्टेन्शन बंद करा, नवी आवृत्ती निघालेली तेवढी एकेक करून चालू करा. होममधली बिंदूने सुरू होणारी लपलेली फोल्डर्स संशयास्पद वाटली, तर ती पुसू नका. नाव बदलून ठेवा, म्हणजे परतीची वाट राहते.

नव्या खात्यातही दोष दिसला तर खालच्या थरांकडे जा. यंत्र सुरू होताना ग्रबच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडून आधीचा कर्नेल चालवून पाहा. जुन्या कर्नेलवर चित्र स्वच्छ दिसले, तर संशय ड्रायव्हरवर. एनव्हिडियाचे कार्ड आणि सिक्युअर बूट एकत्र असले की नव्या कर्नेलसाठी तयार झालेल्या ड्रायव्हरवर मान्य सही नसते. मग कर्नेल तो नाकारतो आणि रिझोल्यूशन घसरते. सेटिंग्जच्या 'अबाऊट' पानावर ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' असे दिसले, तर चित्र ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसर काढतो आहे. खिडक्या अडखळत सरकतात त्या म्हणूनच.

अपडेट चालू असताना वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली, तर पॅकेजेस अर्धवट राहतात. अशा वेळी डीपीकेजीला 'कॉन्फिगर' हा पर्याय देऊन उरलेले काम पूर्ण करायला लावा. त्याआधी इतर उपाय करण्यात अर्थ नाही.

तमिळ किंवा मराठी टाइप होईनासे झाले, तर फॉन्टमागे लागू नका. आधी सत्र एक्सवरून वेलँडवर गेले आहे का ते पाहा. केडीईच्या वेलँड सत्रात एफसीआयटीएक्स वापरायचे असेल, तर ते सेटिंग्जमधल्या 'व्हर्च्युअल कीबोर्ड'मध्ये निवडावे लागते. हे नाव पाहून कुणाला तिथे जावेसे वाटणार?

एका गोष्टीकडे बारकाईने पाहा: 'अपडेटनंतर' म्हणजे 'अपडेटमुळे' असे नव्हे. अपडेटनंतर यंत्र रीस्टार्ट होते, आणि तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही केलेला बदल कदाचित तेव्हा पहिल्यांदा लागू होतो. एपीटीच्या लॉगमधल्या 'हिस्टरी' फायलीत कोणत्या दिवशी कोणते पॅकेज बदलले ते तारीख-वेळेसह असते. ते आधी वाचा.

उलटही घडते. दोषी अपडेट शेजारच्या यंत्रणेचे असू शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटने धोकादायक जुने बूटलोडर नाकारायला सुरुवात केली, आणि एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स सुरूच होईना. लिनक्समध्ये काहीही बदललेले नव्हते. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये शिरता येते आणि तिथून ते जुळवून घेता येते.

शेवटची चाचणी लाइव्ह यूएसबीची. पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या उबंटूतही पडद्यावर त्याच रेषा दिसल्या, तर केबल, रॅम किंवा पडदा तपासा. दिसल्या नाहीत, तर त्याच पेन ड्राइव्हवरून होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. फॉरमॅटचा विचार त्यानंतर.