जुन्या टोकाला नवा धागा

सोलापुरात मागावरचा ताणा संपत आला की कारागीर सगळे धागे उपसून टाकत नाही. नव्या बीमवरचा एकेक धागा तो जुन्या टोकाला गाठ मारून जोडतो आणि फणीतून पुढे ओढून घेतो. हजारो धागे पुन्हा ओवायचे कष्ट वाचतात. जुन्या संकेतस्थळाचा दर्शनी भाग बदलण्याची रीतही हीच असावी.

हा बदल टाळता येत नाही. निविदा किंवा विवरणपत्रावर डिजिटल सही करण्यासाठी पूर्वी अनेक संकेतस्थळं जावा अ‍ॅप्लेट वापरत. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये त्याचा आधार काढून घेतला. जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. नवा दर्शनी भाग चालतो तो जावास्क्रिप्टवर; ही जावाहून वेगळी भाषा. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचं पहिलं रूप दहा दिवसांत रचलं. ती ब्राउझरमध्येच असते, वेगळं काही बसवावं लागत नाही.

जुन्या रचनेत दर क्लिकला सर्व्हर अख्खं पान नव्याने बनवून पाठवतो. नव्या रचनेत तो फक्त माहिती देतो आणि पान ब्राउझरमध्ये तयार होतं. एक आकडा बदलला तर पडद्यावर तेवढाच बदलतो.

धोका आहे तो सगळं एका फटक्यात बदलण्यात. प्राप्तिकर खात्याचं पोर्टल १ ते ६ जून २०२१ बंद राहिलं आणि ७ जूनला नवं सुरू झालं. बदल केवळ दर्शनी भागाचा नव्हता. पण करदात्यांना इतक्या अडचणी आल्या, की २३ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या इन्फोसिसचे प्रमुख सलील पारेख यांना बोलावून घेतलं. वैयक्तिक विवरणपत्रांची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

दुसरी वाट सबुरीची आहे. जुन्या झाडाला वेढत वाढणाऱ्या वडाच्या कुळातल्या झाडावरून मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये तिला नाव दिलं. आधी एक लहान पडदा नव्याने बांधायचा. पत्ता तोच ठेवून तेवढी वर्दळ त्याच्याकडे वळवायची. जुन्या-नव्याचे आकडे जुळले, की पुढचा पडदा. बिनसलं तर जुना हाताशी असतोच.

शुक्रवार पेठेतल्या पेढीवरचा हिशेबनीस माउसला हात न लावता, टॅब आणि एन्टरवर नोंदी करतो. त्याच्या बोटांची ही सवय हासुद्धा एक जुना धागाच आहे. नवा पडदा कितीही देखणा असो, तो धागा तुटता कामा नये.