केरी ब्ल्यू बुडत्या जहाजातून आला नाही

आयर्लंडच्या केरी ब्ल्यू टेरियरवर काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक जहाज बुडतंच. 1588 मध्ये स्पॅनिश आरमाराची दाणादाण उडाली, ट्रॅलीच्या उपसागरात एक गलबत फुटलं, त्यातून एक निळा कुत्रा पोहत किनाऱ्याला आला. त्याने गावातले सगळे कुत्रे हरवले, गावातल्या कुत्र्यांना त्याच्यापासून पिल्लं झाली आणि जात तयार झाली! कुणी जहाज स्पॅनिश सांगतं, कुणी रशियन. जातींची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांतही ही कथा इतिहासाच्या जागी छापली जाते, हे मला फार खटकतं.

केरीच्या किनाऱ्यावर आरमारातली जहाजं बुडाली, एवढं खरं. ब्लास्केट बेटांजवळ सप्टेंबर 1588 मध्ये ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे मोठं जहाज खडकावर आपटून बुडालं. त्यातून एकच माणूस जिवंत हाती लागला आणि इंग्रजांनी त्याची कसून जबानी घेतली. त्या जबानीत जहाजावरची बडी माणसं आहेत, तोफा आहेत, दारूची पिंपं आहेत, नाण्यांचा हिशेब आहे. निळा कुत्रा कुठेही नाही. अशा कुत्र्याचा उल्लेख असलेला त्या काळचा दुसरा कोणता कागदही आजवर कुणी दाखवलेला नाही. निळसर पाटीच्या रंगाच्या टेरियरचं वर्णन लेखी सापडतं ते 1847 मधलं, एच. डी. रिचर्डसन यांच्या पुस्तकात. मधली अडीचशे वर्षं नुसत्या ऐकीव गोष्टीने भरून काढायची?

आणि आरमाराच्या खात्यावर एकटा हा कुत्राच जमा नाही. कॉनेमाराची तट्टं त्याच जहाजांवरच्या घोड्यांपासून झाली म्हणतात. पश्चिम आयर्लंडमधल्या काळ्याभोर केसांच्या माणसांचे पूर्वजही म्हणे त्याच जहाजांवरचे खलाशी. प्रत्यक्षात आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेल्या स्पॅनिश लोकांपैकी बहुतेक बुडाले किंवा पकडून मारले गेले.

या कथेला बळ मिळतं ते रंगामुळे. असा निळा-करडा कुत्रा इथला कसा असेल, असं लोकांना वाटतं. त्यांनी केरी ब्ल्यूचं नुकतं जन्मलेलं पिल्लू एकदा पाहावं. ते कोळशासारखं काळं असतं. काही महिन्यांनी केसांची टोकं तांबूस-तपकिरी दिसू लागतात, मग मधूनमधून करड्या छटा उमटतात, आणि साधारण दीड वर्षाचं होईपर्यंत अंगाचा रंग निवळून निळसर करडा होतो. तोंड, कान, शेपूट आणि पाय मात्र बहुधा गडदच राहतात. वयाबरोबर रंग फिका करणारा हा आनुवंशिक गुण पूडल, बिअर्डेड कॉली, यॉर्कशायर टेरियर यांच्यातही आहे. त्यासाठी स्पेनहून गलबत मागवायची गरज नाही.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ही कथा केरीच्या शेतकऱ्यांचं श्रेय बुडवते. लहान जमिनीचा तुकडा असलेल्या माणसाला एका कामासाठी एक कुत्रा परवडत नव्हता. त्याला उंदीर मारणारा, गुरं हाकणारा, रात्री अंगणात भुंकणारा आणि पाणमांजरामागे थंडगार पाण्यात उडी घेणारा असा एकच कुत्रा हवा होता. जो ही कामं करी त्याची पिल्लं ठेवली जात. सुमारे दीड फूट उंचीचा, पंधरा-सतरा किलोंचा, चिवट आणि चलाख प्राणी असा पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून घडला. सॉफ्ट कोटेड व्हीटन आणि आयरिश टेरियर हे त्याचे सख्खे शेजारी, याच मातीतले.

या कुत्र्याचा कागदोपत्री सिद्ध इतिहासही कमी रंगतदार नाही. ऑक्टोबर 1920 मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात आणि डब्लिनमध्ये संचारबंदी असताना, या जातीच्या क्लबने लंडनच्या केनेल क्लबचा परवाना न घेता प्रदर्शन भरवलं. ब्रिटिश ज्यांच्या मागावर होते ते स्वातंत्र्ययुद्धाचे नेते मायकल कॉलिन्स या जातीचे शौकीन होते. त्यांच्या कुत्र्याचं नाव होतं ‘कन्व्हिक्ट 225’. याच चळवळीतून 1922 मध्ये आयरिश केनेल क्लब उभा राहिला. हे सांगायचं सोडून जहाजं बुडवत बसायचं, याला काय म्हणावं?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हा मूळचा झुंजीचा कुत्रा, असं म्हणतात. तो होता शेतावरचा कामकरी कुत्रा. दुसऱ्या कुत्र्यांशी तो खुन्नस धरू शकतो, म्हणून लहानपणापासून त्याला माणसांत आणि कुत्र्यांत मिसळवावं लागतं. केस गळत नाहीत म्हणून निगा लागत नाही, हे तर अगदी उलट आहे. गळत नाहीत म्हणूनच ते वाढत राहतात, गुंततात. नियमित विंचरणं आणि कापणं चुकत नाही.

‘याची ॲलर्जी होत नाही’ हा समज मात्र महागात पडतो. ॲलर्जी होते ती लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी नव्हे, जास्तच आढळलं. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर विकणाऱ्याच्या शब्दावर पिल्लू आणू नका. आधी डॉक्टरांना विचारा आणि त्या माणसाला एखाद्या मोठ्या कुत्र्याच्या सहवासात पुरेसा वेळ घालवू द्या.