रूर प्रदेशाचे नागरीकरण : कोळसा, पाणी आणि शहरांच्या सीमा

औद्योगिक शहरांच्या वाढीचा विचार करताना शहर आधी आणि कारखानदारी नंतर, असा क्रम बहुधा गृहीत धरला जातो. जर्मनीत हॅम्बुर्ग हे बंदर म्हणून व बर्लिन हे राजधानी म्हणून वाढले. आधुनिक उद्योगधंदे तेथे मागाहून आले. परंतु ज्या प्रदेशाने जर्मनीच्या अर्थव्यवस्थेला सुमारे शंभर वर्षे कोळसा आणि पोलाद पुरविले, त्या रूर प्रदेशात हा क्रम उलटा झाला. तेथे बऱ्याच ठिकाणी खाण आधी आली, खाणीभोवती वस्ती झाली, आणि त्या वस्तीला शहर हे नाव पुढे मिळाले. ह्या उलट क्रमाचे परिणाम कोणते झाले आणि ते निस्तरण्यासाठी कोणत्या संस्था निर्माण कराव्या लागल्या, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ह्या वाढीचे मूळ भूस्तररचनेत आहे. कोळशाचे थर दक्षिणेस रूर नदीच्या खोऱ्यात पृष्ठभागाजवळ येतात आणि उत्तरेकडे खोल उतरत जातात. उत्तरेस त्यांच्यावर मार्ल ह्या चुनामिश्रित खडकाचे जाड आवरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत खाणकाम दक्षिणेतील उथळ थरांपुरतेच मर्यादित होते. १८३०च्या दशकात एसेनजवळ हे आवरण भेदण्यात यश आले आणि वाफेच्या पंपांनी खोल खाणींतील पाणी उपसणे शक्य झाले. खोल थरांतील कोळशापासून चांगला कोक तयार होत असल्याने लोखंडाचे उत्पादनही ह्याच प्रदेशात स्थिर झाले. १८४७ मध्ये कोलोन-मिंडेन लोहमार्ग पूर्ण झाला आणि १८४९ मध्ये म्युलहाइम येथे कोकवर चालणारी झोतभट्टी पेटली. १८५१ ते १८६५ ह्या काळातील कायद्यांनी प्रशियन शासनाने खाणींच्या कारभारावरील आपले प्रत्यक्ष नियंत्रण क्रमाक्रमाने काढून घेतले, आणि खाजगी भांडवलाला वाव मिळाला. १८५० च्या सुमारास सुमारे २० लाख टनांच्या आत असलेले कोळशाचे वार्षिक उत्पादन १९१३ मध्ये ११ कोटी टनांच्या वर गेले.

डॉर्टमुंड, एसेन व डुइसबुर्ग ही जुनी गावे प्राचीन व्यापारी मार्गावर वसलेली होती. मात्र खाणी उत्तरेकडे सरकल्या तशी वस्ती एम्शर नदीच्या विरळ लोकवस्तीच्या, सखल आणि पाणथळ खोऱ्यात पसरली. ओबरहाउझेनचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. १८४७ मध्ये माळरानावर रेल्वे स्थानक झाले व त्याला जवळच्या एका गढीचे नाव देण्यात आले. १८६२ मध्ये तेथे स्वतंत्र ग्रामसंस्था झाली आणि १८७४ मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला. प्रशियाच्या पूर्वेकडील प्रांतांतून लाखो मजूर आले. त्यांत पोलिश भाषिकांची संख्या मोठी होती. त्यांच्यासाठी कंपन्यांनी वसाहती बांधल्या. घर कोठे असावे हे खाणीचा शाफ्ट कोठे खणला गेला ह्यावर ठरले. परिणामी वस्ती दाट झाली. परंतु तिला नागरी केंद्र नव्हते. शिवाय हा सलग औद्योगिक पट्टा ऱ्हाइनलँड व वेस्टफालिया ह्या दोन प्रांतांत विभागलेला होता आणि कोणत्याही एका सत्तेला तो संपूर्ण दिसत नव्हता.

ह्या उणिवेचा पहिला फटका पाण्याच्या बाबतीत बसला. कोळसा काढल्याने वरची जमीन खचत गेली, नद्यांचा मूळचा उतार बिघडला आणि सांडपाणी जागोजागी तुंबू लागले. भुयारी गटारे घालावीत, तर खचत्या जमिनीत ती फुटत. १९०१ मध्ये गेल्सेनकिर्खेन परिसरात विषमज्वराची मोठी साथ आली. तिचे मूळ पिण्याच्या पाण्यात असल्याचे मत रॉबर्ट कॉख ह्यांनी दिले. कोणतीही एक नगरपालिका हा प्रश्न सोडवू शकत नव्हती, कारण वरच्या गावाची घाण खालच्या गावात येत होती.

ह्यावर योजलेला उपाय प्रशासनाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. १८९९ मध्ये एम्शर खोऱ्यासाठी एक संघ स्थापन झाला आणि १९०४ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. नगरपालिका, खाणी व कारखाने हे त्याचे सक्तीचे सभासद होते आणि त्यांनी खर्चाचा वाटा उचलावयाचा होता. प्रांताची किंवा शहराची सीमा न मानता नदीचे खोरे हेच कारभाराचे एकक मानण्यात आले. रूर नदीसाठी १९१३ मध्ये असाच कायदा झाला. १९२० मध्ये संपूर्ण कोळसा प्रदेशासाठी नियोजन मंडळ स्थापन झाले; रस्त्यांच्या जागा व शहरांमधील हरितपट्टे राखून ठेवणे हे त्याचे कार्य होते.

तथापि ह्या यशाची किंमतही नोंदविली पाहिजे. दोन नद्यांत कामाची विभागणी झाली : रूरने पिण्याचे पाणी पुरवावे आणि एम्शरने मैला वाहावा. एम्शर सरळ करून काँक्रीटच्या उघड्या पात्रात बांधली गेली. रोगराईला आळा बसला. पण दुर्गंधी ज्यांच्या वाट्याला आली ते मुख्यतः तिच्या काठच्या वसाहतींतील कामगारच होते.

१९५८ पासून खनिज तेल व स्वस्त आयात कोळसा ह्यांच्या स्पर्धेने खाणी बंद पडू लागल्या. ह्या काळात एकाच उद्योगावर विसंबण्याचे दुष्परिणाम स्पष्ट झाले. जमिनीचा मोठा भाग खाण व पोलाद कंपन्यांच्या मालकीचा होता आणि मजुरांसाठी प्रतिस्पर्धी निर्माण होऊ नये म्हणून त्या तो इतर उद्योगांना देण्यास नाखूष असत. उच्च शिक्षणाचीही तीच उपेक्षा झाली होती; बोखुम विद्यापीठात अध्यापन सुरू झाले ते १९६५ मध्ये. बोखुम येथे १९६२ मध्ये सुरू झालेला ओपेलचा मोटार कारखानाही २०१४ मध्ये बंद झाला. प्रदेशातील अखेरची कोळसा खाण, बोट्रोप येथील प्रोस्पर-हानिएल, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली.

खाणी थांबल्या, पण त्यांचे हिशेब संपले नाहीत. खाणकाम उत्तरेकडे सरकून जमीन स्थिर झाल्यावरच भुयारी मलवाहिनी घालणे शक्य झाले. डॉर्टमुंडपासून डिन्स्लाकेनपर्यंत ५१ किलोमीटरची मुख्य वाहिनी बांधण्यात आली, आणि २०२१ च्या अखेरीस एम्शर मैल्यापासून मुक्त झाली. दुसरे कार्य मात्र कधीच संपणारे नाही. खचलेल्या भागांतील पाणी सतत उपसले नाही, तर तेथील वस्त्या जलमय होतील. खाणींच्या ह्या कायमच्या दायित्वांसाठी २००७ मध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले.

तात्पर्य, औद्योगिक प्रदेशाच्या वाढीचे मोजमाप केवळ टनांत आणि लोकसंख्येत करणे अपुरे आहे. कोळशाचा नफा त्या त्या वर्षीच्या ताळेबंदात जमा झाला; जमीन खचल्याचा खर्च मात्र पुढील पिढ्यांच्या खाती पडला. हा खर्च वाटून घेण्याची व्यवस्था रूर प्रदेशाला उशिरा सुचली, पण सुचली; आणि ज्या खाणींमुळे एम्शर संघ स्थापन करावा लागला त्या बंद झाल्यानंतरही तो संघ आपले कार्य करीत आहे.