रुग्णांच्या खाटांपुढे वाजणारा फौजी बँड

बँड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? लग्नाची वरात, १४ एप्रिलची मिरवणूक, नाहीतर २६ जानेवारीला पोलीस कवायत मैदानावरचे संचलन. वाजवणाऱ्याने पुढे चालावे, लोकांनी नाचावे आणि रात्री पैसे देताना यजमानाने घासाघीस करावी, एवढीच बँडवाल्याची कथा आपल्याला ठाऊक. परंतु जगात असेही वाजंत्री आहेत, जे फौजी गणवेश घालून भर समुद्रात, जहाजावर, आजारी माणसांच्या खाटांपुढे वाजवतात. त्यांच्याविषयी चार गोष्टी आमच्या वाचक बंधू-भगिनींना, विशेषतः ज्यांची मुले बँजो पार्टीत वाजवतात त्या आईबापांना सांगाव्यात, म्हणून हा लेख.

अमेरिकेच्या नौदलाकडे ‘मर्सी’ आणि ‘कम्फर्ट’ नावाची दोन हॉस्पिटल-जहाजे आहेत. दोन्ही मूळची तेलवाहू जहाजे. १९८६-८७ च्या सुमारास त्यांचे रूपांतर करून ती कामास लागली. प्रत्येकावर एक हजार खाटा आणि बारा ऑपरेशन थिएटर. रंग संपूर्ण पांढरा, बाजूला मोठा तांबडा क्रॉस. जिनिव्हा करारानुसार अशा जहाजावर हल्ला करणे हा गुन्हा आहे. युद्ध नसते तेव्हा ही जहाजे गरीब देशांच्या किनाऱ्याला लागतात. मोतीबिंदू, हर्निया, फाटलेला ओठ अशी ऑपरेशने जहाजावरच होतात. अशा मोहिमेवर नौदलाच्या बँडमधले काही वादकही बरोबर जातात. ते डेकवर वाजवतात, वॉर्डात खाटांमधून फिरून वाजवतात, किनाऱ्यावर तपासणीची रांग लागते तिथेही वाजवतात. तिथल्या लोकांची गाणी बसवून घेतात.

आता कोणी म्हणेल, आजारी माणसाला औषध हवे की तुतारी? प्रश्न रास्त आहे. पण जहाजावरच्या रुग्णाचे हाल कसे असतात ते बघा. दवाखाना पाण्यावर, नातेवाईक किनाऱ्यावर. डॉक्टरची भाषा कळत नाही. रात्रंदिवस यंत्राची घरघर. ज्या पोराने आयुष्यात होडीपलीकडे काही पाहिले नाही, त्याला उद्या बेशुद्ध करून ओठ शिवणार आहेत. त्या पोराला आपल्या ओळखीचे गाणे त्या परक्या माणसाच्या वाद्यातून ऐकू आले, तर त्याचा धीर वाढेल की नाही? आपल्याकडचे पेशंट मुंबईला टाटात जातात तेव्हा परळच्या फुटपाथवर बसलेल्या आईला काय वाटते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे निराळे सांगायला नको.

हॉस्पिटल-जहाज ही गोष्ट आपल्या मुंबईलाही नवी नाही. दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. १९१९ साली त्या तारखेला सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले, म्हणून. वालचंद हिराचंद हे नाव शाळेच्या पुस्तकात येते, जहाजाचेही येते. पण हेच ‘लॉयल्टी’ त्याआधी पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायांचे हॉस्पिटल-जहाज होते, हे फारसे कोणी सांगत नाही. १९१४ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते विकत घेऊन त्यासाठी दिले होते. जखमी आणि आजारी शिपाई मुंबई बंदरात उतरत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलेले आपले लोक जे म्युझियम पाहून येतात, त्याची इमारत तेव्हा लष्करी इस्पितळ होती. जी.आय.पी. रेल्वेने पुढे जाणाऱ्यांची वाट आपल्या चाळीसगाव, जळगाव, भुसावळवरूनच.

त्या युद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीवर जे झाले ते वाचून अंगावर काटा येतो. १९१५ च्या नोव्हेंबरातल्या लढाईनंतर जखमींना नदीतून उघड्या बोटींवर दाटीवाटीने कोंबून बसऱ्याला आणले. कित्येक दिवस जखमा बांधल्या नव्हत्या, माणसे स्वतःच्याच घाणीत पडलेली. ‘वरेला’ या हॉस्पिटल-जहाजावरचे डॉक्टर मेजर कार्टर यांनी हे पाहून वरिष्ठांकडे तक्रार केली, तेव्हा त्यांनाच दमदाटी झाली. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ साली अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. संगीत वगैरे सगळे नंतर; आधी जखम धुतली पाहिजे, हे आम्हालाही मान्य आहे.

आणि रुग्णसेवेत सर्वांत खालचे काम करणारा कोण होता? इंग्लंडमध्ये ब्रोकनहर्स्ट येथे हिंदी शिपायांचे इस्पितळ होते. तिथे सुखा नावाचा सफाई कामगार १९१५ च्या जानेवारीत वारला. तो अस्पृश्य, म्हणून हिंदूंनी त्याला अग्नी दिला नाही. मुसलमानांनीही दफनभूमीत घेतले नाही. अखेर गावच्या चर्चच्या पाद्रीबुवांनी आपल्या आवारात जागा दिली, असे सांगतात. गावकऱ्यांनी वर्गणी काढून बसवलेला दगड आजही तिथे आहे. सातासमुद्रापार जाऊनही जात मेली नाही, माणूस मेला.

पहिल्या युद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच चार वर्षांत मोडली गेली. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिचे केंद्र आता सागरला आहे. फौजेच्या या इतिहासात बंदूकवाल्यांचे नाव आपण घेतो, बँडवाल्यांचे घेत नाही. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. १९३७ साली धुळ्याच्या कोर्टात खटल्यासाठी आलेले बाबासाहेब तिथे राहिले होते. त्या यात्रेत आम्हाला धुळे तालुक्यातले एक निवृत्त फौजी भेटले. सगळे त्यांना नाना म्हणतात. हुद्दा विचारला तर म्हणाले, बँडमध्ये क्लॅरिनेट. आमच्यातला एक तरुण कार्यकर्ता जरा हसला. नाना शांतपणे म्हणाले, “भाऊ, बाजा वाजाडस तोच लढाईमा जखमीसले उचलस.”

ते अगदी खरे आहे. शांततेच्या काळात बँडवाला कवायतीला वाजवतो. लढाई सुरू झाली की वाद्य पेटीत आणि हातात स्ट्रेचर. आपल्या फौजेत वादकांना प्रथमोपचाराचे आणि जखमी वाहून नेण्याचे शिक्षण मिळते. इंग्रजांच्या पलटणींतही हीच रीत होती. तेव्हा फौजी वाजंत्री जेव्हा रुग्णाच्या खाटेपुढे उभा राहतो, तेव्हा तो करमणूक करायला बाहेरून आलेला पाहुणा नसतो. तो त्या जखमी माणसाचा जुना सोबती असतो.

फौजेच्या वादकांना शिकवणारी संस्था पचमढीला आहे, १९५० साली सुरू झालेली. आपले लोक महादेवाच्या यात्रेला पिपरियापर्यंत जातात ते हेच पचमढी. पण तिथे माणूस सुरांचे लिखाण वाचायला शिकतो, हे जळगावच्या किती पालकांना माहीत आहे? २०२४ साली नौदलाने आणि हवाई दलाने दहावी पास मुलांसाठी अग्निवीर संगीतकार अशी वेगळी भरती काढली होती. वाद्य वाजवता यावे, सूर ओळखता यावा, ही अट. नोकरी चार वर्षांची आणि पुढे कायम होणार चारातला एखादा, हा हिशेब आम्ही कारकुनी करणारी माणसे आधी मांडतो. तो पालकांनीही मांडावा. पण जाहिरात वाचायलाच नको, असे मात्र करू नये.

आमच्या वस्तीत जिनिंगमध्ये कामाला असलेल्या एका बापाने मुलाचा बँजो माळ्यावर टाकून दिला. म्हणाला, “वाजवणे हे आपल्या बापजाद्यांच्या माथी मारलेले काम. ते आम्ही सोडले, तू परत कशाला धरतोस?” त्याचा राग आम्हाला समजतो. गावगाड्यात मयताला, लग्नाला, देवळापुढे वाजवणे हे ठरावीक जातींवर लादलेले होते, आणि मोबदला म्हणजे शिळी भाकर. ते सोडले ते योग्यच केले. पण सक्ती सोडायची की सूर सोडायचा? बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकले. जलशांनी चळवळ खेडोपाडी नेली. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गात राहिले. यांपैकी कोणी गावकीची चाकरी करत होते काय?

आमचे काही उपासक मित्र शीलाचा मुद्दा काढतात, की नृत्य-गायनापासून दूर राहावे. ते शील उपोसथाच्या दिवशीचे आणि भिक्खूंचे. रोजच्या पंचशीलात ते नाही. सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख वीणा वाजवून गातो आणि भगवंत त्याच्या तारेचा व आवाजाचा मेळ वाखाणतात. आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची करावी असे सांगितले, ही कथा आपल्या विहारात दरवर्षी सांगतात. महाकस्सप आजारी असता त्यांना बोज्झंग ऐकवले गेले. स्वतः भगवंत आजारी असता त्यांनी महाचुंदाकडून ते म्हणवून घेतले. म्हणजे आजाऱ्याच्या कानी चांगला स्वर पडावा, ही आपल्याकडे अमेरिकन नौदलाकडून आलेली कल्पना नव्हे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री थकलेल्या बाबासाहेबांनी नानकचंद रत्तू यांना रेडिओग्रामवर त्रिशरणाची ध्वनिमुद्रिका लावायला सांगितली, स्वतः गुणगुणले, आणि त्या रात्री कबीराचे पद त्यांच्या ओठी होते.

आपल्या देशात काय होते? २००४ च्या त्सुनामीनंतर नौदलाने ‘निरूपक’ आणि ‘जमुना’ या सर्वेक्षण-जहाजांची हॉस्पिटल-जहाजे करून इंडोनेशिया व श्रीलंकेला पाठवली. ३ मे २०२० रोजी, कोरोनाच्या काळात, सैन्यदलांच्या बँडांनी देशभर रुग्णालयांबाहेर डॉक्टर-नर्सेस आणि कर्मचाऱ्यांच्या सन्मानार्थ वादन केले, हेलिकॉप्टरमधून फुले टाकली. चांगले झाले. पण त्याच वेळी आमच्या ओळखीच्या एका कंत्राटी सफाई कामगार भगिनीचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. तिला फुले दिसली, पगार दिसायला पावसाळा उजाडला.

तो बँजो आता माळ्यावरून खाली आला आहे. नानांनीच त्या बापाशी बोलणे केले; आम्ही बोललो असतो तर त्याने ऐकले नसते. मुलगा आता रविवारी धुळ्याला एस.टी.ने जाऊन नानांकडे सूर लिहायला शिकतो. आम्ही पाच-सहा जणांनी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात परवानगी मागितली. मेट्रननी अटी घातल्या: ढोल-ताशा नाही, लाऊडस्पीकर नाही, ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डात नाही, भेटीच्या वेळेतली अर्धा तास फक्त, आणि आधी रुग्णाला विचारायचे. सगळ्या अटी योग्य होत्या. बासरी, पेटी आणि आवाज बारीक केलेला बँजो घेऊन गेलो. सातपुड्याकडून आलेली एक पावरा आजी पाय मोडून पडली होती, तिला आमची भाषा येईना, आम्हाला तिची. मुलाने तिच्या नातवाकडून मोबाइलवर त्यांच्याकडची एक चाल ऐकली आणि चुकतमाकत वाजवली. आजीने हाताने ठेका चुकल्याचे दाखवले. त्याने परत वाजवली. अर्धा तास होऊन गेला तरी सिस्टर काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्याची तारीख त्यांनीच दिली आहे, चौथा शनिवार. पेटी वाजवणारे एक जण कमी पडतात. ज्यांना येता येईल त्यांनी वस्तीतल्या विहारात निरोप ठेवावा.